छापून आलेला थकवा

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हिमतीवर पोट भरलं. सुरुवात गुन्ह्यांच्या बातम्यांपासून झाली, मग महानगरपालिका, मग जुन्या नागपूरच्या इतिहासाचं सदर. ते दिवस सुखाचे होते, कारण इतिहासातली माणसं तक्रार घेऊन दारात येत नाहीत. पुढे संपादकांना जिद्दीची माणसं हवीशी झाली, दर आठवड्याला एक. कुणी आजारातून उठलेलं, कुणी आगीतून. त्या लेखांची पुस्तकं निघाली, माझे सत्कार झाले, आणि घरात शाली इतक्या साचल्या की आता मी त्या अंथरून कपड्यांना इस्त्री करते. खरं सांगते, हल्ली कुणाच्या जिद्दीचा फोन आला की मला आधी जांभई येते.

अशात एका दुपारी वाडीच्या मावशी माझ्या दारात उभ्या. हातात एक्स-रेचं पाकीट, धंतोलीतल्या डॉक्टरकडून थेट इकडेच आलेल्या. नवरा ट्रक उलटून गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. त्याला घेऊन त्यांनी शहराबाहेर वाडीच्या गोदामांपाशी ड्रायव्हर लोकांसाठी खानावळ काढली आणि एकटीनं चालवली. त्यांच्यावर मी लिहिलं होतं. ‘थकूनही न थांबणारी मावशी’ असं शीर्षक मी दिलं होतं. ते दोन कॉलमांत बसेना म्हणून डेस्कवर त्याचं ‘न थकणारी मावशी’ झालं. अशी काटछाट रोजचीच, त्यावर कोण भांडत बसतं!

“ताई, मी थकली ना जी,” खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हनते, उभं राहनं बंद करा. पन मले कोनी थकूच देत नाही.”

मुलगा वाईट नव्हता, उलट आईचा त्याला कोण अभिमान! माझा तो लेख फ्रेम करून त्यानं गल्ल्याच्या वर टांगला होता. मावशी गुडघे धरून बसल्या की तो हसत भिंतीकडे बोट करी, “माय, पाह्य त काय लिवलं हाय!” जेवायला बसलेले ड्रायव्हरही त्याच्या सुरात सूर मिळवत. सगळं प्रेमानंच चाललेलं, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती.

“मग एकदा स्पष्ट सांगा ना त्याला,” मी म्हणाले.

“सांगूनच राहिली ना. बोललेलं कोनी आयकत नाही. तुमीच छापा. मावशी थकली, खानावळ बंद केली.”

“पण बंद कुठे केलीत?”

“तुमी लिवा त खरं. बंद मी करतेच मंग.”

इतिहास आधी लिहा, मी तो मागाहून घडवते, अशी मागणी माझ्याकडे आजवर कुणी केली नव्हती. पण त्यांच्यावरचा लेख ज्या पुस्तकात होता त्याची नवी आवृत्ती निघतच होती, आणि प्रत्येकाच्या प्रकरणाखाली ‘आज’ म्हणून चार ओळी हव्या होत्या. मी लिहिलं, ‘मावशींचे गुडघे गेले. त्या थकल्या आहेत. त्यांनी खानावळ बंद केली.’

प्रकाशकांचा लगेच फोन. “ताई, शेवट जरा उभारी देणारा करता येईल का?”

“उभं राहिलं की दुखतं हो त्यांना,” मी म्हणाले. आणखी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. बहुधा त्यांच्यातही नसावं, कारण ओळी तशाच छापल्या गेल्या.

पुस्तक आलं तसं मी ते घेऊन वाडीला गेले. जेवणाची वेळ उलटली होती, बाहेर ट्रक मागे घेताना कुणी तरी ओरडत होतं. मुलानं गल्ल्यापाशी उभ्यानंच पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग आईकडे वळून म्हणाला, “माय, तू मले काहून नाही सांगितलं वं?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला हसूही येईना आणि रडूही. मुलानं गॅसवरचं पातेलं उतरवलं, शेगडी बंद केली आणि अर्धं शटर ओढून घेतलं. मावशी तिथेच बाकावर आडव्या झाल्या. सगळ्यांच्या देखत, भर दुपारी.

“ताई, तुमी बी टेका ना पाठ.”

“नको, संध्याकाळी भाषण आहे माझं. न खचलेल्या माणसांवर.”

“थकल्या नाही काय तुमी?”

“खूप.”

“तुमच्यावर त कोनी लिवलं नाही ना?”

“नाही.”

“मंग काहून बसून राहिल्या? झोपा बिनघोर.”

मी फोन बंद केला, चपला काढल्या आणि समोरच्या बाकावर पाय पसरले.