त्याला म्हणावं

जीवन नववीत होता तेव्हा त्याच्या बापाने त्याच्याशी बोलणं बंद केलं. किंवा त्याने बापाशी बंद केलं. सुरुवात कुणी केली यावर घरात कधी वाद झाला नाही, कारण वाद घालायलाही बोलावं लागतं.

निमित्त साधंच होतं. बंकट, म्हणजे जीवनचा बाप, दर उन्हाळ्यात धारूरच्या डोंगरातून खाली उतरून शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. रिकाम्या रानात रात्रभर कळप बसला की लेंड्यांचं खत होतं, आणि शेतकरी त्याबदली धान्य देतो. त्या वर्षी कळप बद्रीनाथ पाटलांच्या रानात होता. शाळेला सुट्टी, म्हणून जीवन सोबत आलेला. संध्याकाळी पाटील बांधावर आले तेव्हा बंकटने पोराच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "मालक, हा आमचा जीवन. आता म्होरं हाच मेंढरं घेऊन येईल तुमच्या रानात."

बंकटला ते वाक्य अभिमानाचं वाटलं. पण पाटलांच्या मागे त्यांचा मुलगा अंगद उभा होता, आणि अंगद जीवनच्याच वर्गात होता.

शाळा उघडली त्या दिवशी अंगदने सगळ्यांसमोर विचारलं, "कवा येणार बे रानात?" त्यात वाईट असं काही नव्हतं. पण चौदाव्या वर्षी माणसाला कातडी नसते. जीवन घरी आला, दप्तर टाकलं आणि बापाला म्हणाला, "मी काय मेंढरू न्हाई, इकडून तिकडं हाकलायला."

बंकट जेवत होता. त्याने हातातला घास गिळला. मग बायकोकडे, ताराबाईकडे बघून म्हणाला, "त्याला म्हणावं, हात धू अन् जेव."

तो पहिला निरोप. त्या दिवशी ताराबाई दोघांच्या मधे बसली, ती आठ वर्षं उठली नाही.

माणसं बोलायची थांबली म्हणून पोरं वाढायची थांबत नाहीत. जीवनचा आवाज फुटला तो बंकटने भिंतीपलीकडून ऐकला. कोण पाहुणा आला म्हणून तो उठून सदरा घालून बसला. मिशी आली तेव्हा वस्तरा ताराबाईने आणवला, आणि तो कसा धरायचा ते जीवन मोबाईलवर बघून शिकला. बंकट ओट्यावरून बघत होता. गालाला कापलं तेव्हा म्हणाला, "त्याला म्हणावं, केसाच्या वाटंनं वढ." ताराबाई पीठ मळत होती. तिने हात झटकून निरोप पोचवेपर्यंत दुसऱ्या गालालाही कापलं होतं.

तिघं एकत्र बसलेले असताना निरोप जसाच्या तसा द्यावा लागे, कारण तो दोघांनीही ऐकलेला असे. पण बंकट दिवसभर डोंगरात आणि जीवन दिवसभर धारूरला. मोठ्या गोष्टी नेहमी एकाच्या पाठीमागेच बोलल्या जात. तिथे ताराबाईला मोकळं रान होतं. "त्या दीडशहाण्याला म्हणावं, रिकामा फिरू नको" असं सकाळी निघालेलं वाक्य संध्याकाळी "आबाला तुझी लई काळजी हाय" होऊन पोचायचं. ती खोटं बोलते असं तिला वाटत नसे. कच्चं पीठ कुणी ताटात वाढत नाही, एवढंच.

बारावीनंतर जीवन पोलीस भरतीच्या तयारीला लागला. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळायचा. दोनदा मैदानावर गेला. छाती फुगवल्यावर जेवढी वाढायला हवी तेवढी वाढायची नाही. दरवेळी एका सेंटीमीटरने तो पोलीस व्हायचा राहायचा. परत आला की ताराबाई म्हणायची, "व्हईल म्होरच्या साली. आबाची लई इच्छा हाय रं, तोंडानं बोलत न्हाईत." मग तो पुन्हा पळायचा. आपल्याला पोलीस व्हायचंय का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.

यंदा जीवनची थोरली बहीण बबिता दिंद्रुडला सासरी दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. तिच्या सासूचा हात मोडलेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. ताराबाईला जावं लागलं. पिशवी भरताना ती दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "तोंडं शिवल्यागत बसू नका. मी काय जलमभर पुरणार न्हाई."

पहिले दोन दिवस फोनवर निघाले. बंकट ओट्यावरून दिंद्रुडला फोन लावी, "त्याला म्हणावं, पेंड संपली." जरा वेळाने हातभर अंतरावर बसलेल्या जीवनचा फोन वाजे. "आबा म्हणतेत, पेंड संपली." "आणतो म्हणावं." मग बंकटचा फोन वाजे. तिसऱ्या दिवशी ताराबाई म्हणाली, "हितं पोरीला कळा सुरू व्हायल्या अन् तुमी पेंडीचं काय घेऊन बसलाव?" त्यानंतर तिचा फोन बंद लागायला लागला.

मग कुत्रा उरला. त्याचं नाव काळ्या.

"काळ्या, भाकर करपली म्हणावं," बंकट म्हणाला.

"काळ्या, करपली तर आपली आपण थापावी म्हणावं," जीवन म्हणाला.

काळ्याने आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं आणि करपलेली भाकर त्याला मिळाली. त्याच्या दृष्टीने घर सुरळीत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटोद्याचा राधाकिशन पिकअप घेऊन आला. बाजाराच्या आधी वस्त्यांवरून मेंढरं उचलणारा हा व्यापारी दरवर्षी यायचा आणि दरवर्षी बंकट त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवायचा.

"बंकटराव, आवंदा तरी?"

"न्हाई शेठ. पोरगं सांभाळणार हाय. त्याची लई इच्छा. न्हाईतर माझे गुडघे गेलेत, मी कवाच दिली असती सगळी."

जीवन पायरीवर बसून पळायचे बूट बांधत होता. त्याचा हात थांबला.

"कुनाची इच्छा?"

हा प्रश्न त्याने काळ्याला विचारला नव्हता. काळ्याने सवयीने मान वर केली.

"तुझी," बंकट म्हणाला. म्हणून झाल्यावर आपण कुणाशी बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. पण वाक्य गेलं होतं.

"मी कवा मनलो?"

"तुझी माय मनली."

"मी मायला असलं काय बी बोललो न्हाई."

"मग रोज पळतो कावून? माय मनली, पाय तयार करायलाय, मेंढरामागं लागतेत."

"भरतीसाठी पळतो. तुमीच मनलाव ना, पोरगं पोलीस झालं पायजे म्हणून?"

"मी?" बंकटने राधाकिशनकडे पाहिलं, जणू तो साक्षीदार होता. "पोलिसाचं अन् माझं काय? घाटात दोनदा माझी मेंढरं रस्त्यावरून हाकलली त्यांनी."

राधाकिशन म्हणाला, "चालू द्या तुमचं. मी टायरातली हवा बघतो." आणि तो चारही टायरांना आळीपाळीने लाथ मारत राहिला.

इतकी वर्षं दोघं एकमेकांची इच्छा पाळत आले होते आणि ती दोघांचीही नव्हती. बंकटने गुडघे झिजवले ते पोराला मेंढरं हवीत म्हणून. पोराने रस्ता झिजवला तो बापाला पोलीस हवा म्हणून. चुलीपुढे बसून एका बाईने या दोन्ही इच्छा शिजवल्या होत्या, घराचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून. आणि झाले नव्हते. तिच्यावर रागवायचं तर कुठून धरावं ते दोघांनाही कळेना.

"मग तुला काय पायजे?" बंकटने विचारलं.

जीवनने तोंड उघडलं. उत्तर आत कुठेतरी असेल अशी त्याची खात्री होती. मोठ्या माणसाजवळ ते असतंच. त्याने आत पाहिलं. तिथे चौदा वर्षांचा अंगद उभा होता, "कवा येणार बे" म्हणत. बाकी काही नव्हतं. खरा अंगद आता धारूरला खताचं दुकान चालवत होता, आणि मागच्याच महिन्यात त्याने जीवनला चहा पाजून सांगितलं होतं, "आबाला म्हण, आमच्या रानात मेंढरं बसवा. हे पोत्यातलं खत घालून जमीन मेली बे." त्याला जुनं काही आठवतही नव्हतं. जीवन मात्र आठ वर्षं त्याच्यापासून लांब पळत होता, बारावीनंतर तर रोज पहाटे, घड्याळ लावून.

"मला माहीत न्हाई," तो म्हणाला.

"मेंढरं?"

"नको."

"पोलीस?"

"नको."

"मग?"

"सांगितलं ना. माहीत न्हाई." जरा थांबून त्याने विचारलं, "तुमाला काय पायजे?"

आता बंकटची पंचाईत झाली. हा प्रश्न त्यालाही कुणी विचारला नव्हता. त्याच्या बापाने तर त्याच्या हातात काठी दिली होती आणि पाठ फिरवली होती. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले.

"गुडघे मनतेत, विका."

"गुडघ्याला न्हाई विचारलं."

बंकट कळपाकडे बघत राहिला. "टकली ऱ्हाऊ दे," तो शेवटी म्हणाला. टकली म्हणजे घंटी बांधलेली म्हातारी मेंढी. "टकली, तिच्या पोरी. अजून दोनचार. समदीच गेली तर सकाळी उठून कुनाकडं बघू?"

"तेवढी ठेवा मग. बाकीची द्या. माझ्यासाठी ठेवू नका."

"पुन्हा मनशील, आबानं इकली."

"मी मनलो इका म्हणून. मीच."

बंकटने मान हलवली. जीवनने बूट काढून ठेवले आणि हाक मारली, "राधाकिशन काका, गाडी मागं घ्या."

भाव ठरून मेंढरं चढवायला दुपार झाली. "म्होरचे पाय धर," बंकट म्हणायचा आणि जीवन धरायचा. वाटेत निरोपाला वेळ लागत नव्हता. कुणालाच कुठे कापलं नाही. पिकअप उताराला लागली तेव्हा आतली मेंढरं ओरडत होती आणि टकली, जिच्या मागे ती जन्मभर चालली, ती मागे उभी राहून चारा चघळत होती. बंकटने धूळ खाली बसेपर्यंत पाहिलं. मग डोळे पुसले, धुळीचे.

"तुला काय पायजे ते कळलं की सांग," तो म्हणाला. "मला सांग. मायला नको."

"बरं."

"घाई न्हाई."

तेवढ्यात जीवनचा फोन वाजला. दिंद्रुडहून ताराबाई होती, आवाज दमलेला पण वरच्या पट्टीत. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. आबाला म्हणावं, नात झाली."

जीवनने फोन कानाजवळून जरा बाजूला घेतला. "नात झाली," तो बापाला म्हणाला.

"तिला म्हणावं, बरं झालं," बंकट म्हणाला.

"माय, आबाला लई आनंद झालाय," जीवन फोनमध्ये म्हणाला. "डोळ्यातून पाणी काढलं त्यांनी."

बंकटने त्याच्याकडे रोखून पाहिलं. पलीकडून ताराबाईने विचारलं, "अन् मेंढरं?"

जीवनने जवळजवळ रिकाम्या आवाराकडे पाहिलं. टकलीने घंटी वाजवली, एकदाच.

"बरी हायेत," तो म्हणाला. "तू ये, मग सांगतो."

फोन ठेवल्यावर बंकट म्हणाला, "मी नुसतं 'बरं झालं' मनलो."

"तेच सांगितलं," जीवन म्हणाला, आणि भाकरी थापायला उठला.