गाळणारे साहेब

साहेब जेवताना डावा तळहात जमिनीवर टेकवून बसत. उजव्या हाताने भाकरी मोडायची, आमटी ओरपायची, पण डावा हात फरशीवरून उठायचा नाही. मध्येच घास थांबायचा, मान कलायची आणि तळघरातून कुणी हाक मारावी तसा चेहरा व्हायचा. आमच्या केंद्राला तळघर नव्हतं. पहिला आठवडाभर मला त्यांच्यासमोर बसून घास गिळवेना.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला भूकंप मोजायचं एक छोटं केंद्र होतं. मी श्रीरामपूरची, नुकती बी.एस्सी. झालेली, तिथे आकडेमोडीच्या नोकरीवर लागले होते. साहेब केंद्राचे प्रमुख, पन्नाशीचे, एकटे. स्वयंपाकाला खालच्या वाडीतली धोंडाबाई यायची. एवढाच आमचा कारभार, आणि चौथं माणूस म्हणावं असं ते यंत्र: अंधाऱ्या खोलीत लटकणारा लोलक आणि सावकाश फिरणारा ढोल. ढोलावरच्या कागदावर उजेडाचा ठिपका रेघ काढत राहायचा. कागद लाल दिव्याखाली औषधात बुडवला की रेघ हळूहळू वर यायची. ती वर येताना साहेब बोलत नसत आणि मलाही बोलू देत नसत.

त्यांचा सगळा जीव गाळण्यात. रेघेत वाऱ्याची थरथर असायची, धरणाच्या पाण्याची असायची, घाट चढणाऱ्या एस.टी.चीसुद्धा असायची. दूरच्या भूकंपाची लाट जमिनीच्या कातडीवरून लांब लांब ढांगा टाकत सगळ्यात शेवटी येते. ती या गोंधळात बुडून जायची. मग भिंगाखाली रेघेची उंची ठरावीक अंतरावर मोजायची, शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढत पुढे सरकायचं. बारीक थरथर पुसली जायची. कागदाचा सावकाश कल वजा केला की मधली लाट तेवढी उरायची. हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर हे करून करून माझा दंड भरून यायचा. मी कुरकुरले की साहेब म्हणायचे, "बाई, आधी गाळा, मग बोला. गाळून उरतं ते खरं."

पंचक्रोशीत या शब्दाने घोटाळा केला. त्या डोंगरात गाळायची वस्तू एकच, आणि ती पिंपात उकळायची. वरच्या केंद्रात साहेब रातंदीस गाळतात आणि बाई त्यांना मदत करते, हे धोंडाबाईनेच कौतुकाने वाडीत सांगितलेलं. त्यावर पोलीस पाटील चौकशीला आले, खोल्याखोल्यांतून हुंगत फिरले. अंधाऱ्या खोलीत औषधाचा वास आल्यावर त्यांची खात्रीच पटली. साहेबांनी त्यांना शांतपणे बसवून समजावलं की जगाच्या पार पलीकडे भूकंपाने एखादं घर पडलं तर तास-दीड तासाने तिथली लाट आपल्या पायाखालून जाते. आपण भाकरी मोडत असतो, कळत नाही. पाटलांनी हळूच पाय वर घेऊन मांडी घातली. दारूचा विषय पुन्हा काढला नाही.

साहेबांनी स्वतःबद्दल एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ खेड्यात शाळामास्तर होता. आधीच्या एका भूकंपात भिंत अंगावर पडून झोपेतच गेला. जवळच्या केंद्राचं यंत्र तेव्हा साहेबांकडे होतं. आदल्या दिवसाच्या कागदावर काही नाही म्हणून त्यांनी तो गुंडाळून ठेवला होता. पुढे गाळायला शिकल्यावर तोच कागद गाळला, आणि त्यात एक लांब, शांत लाट सापडली. जमिनीने सांगितलं होतं, आपल्याला ऐकू आलं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांचा डावा हात फरशीवर का असतो ते मला तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात तीच लाट आमच्या कागदात आली. जगात कुठे भूकंप नाही, वारा नाही, आणि गाळलं की ती हजर. रोज. एक दिवस तारेची दुरुस्ती होती म्हणून लोलक बांधून ठेवला होता. त्या दिवसाचाही कागद साहेबांनी गाळायला लावला. लाट होतीच. "बांधला तरी आली," ते पुटपुटले. धोंडाबाई म्हणाली, "डोंगूर उसासा टाकतोय, ताई. माजी सासू सांगायची."

साहेबांनी पाटलांना निरोप धाडला: उद्या वाडी गोळा करा, घरं सोडायची आहेत. खळ्यावर भात पडलेलं, गोठ्यात गुरं, वर कडाक्याची थंडी. लेकरं घेऊन माणसं जाणार कुठे? पण साहेबांना पुन्हा एक कागद गुंडाळून ठेवायचा नव्हता.

माझ्या डोक्यातून मात्र तो बांधलेला लोलक जात नव्हता. जी लाट काही न हलता येते, ती कुणाची? दुपारी धोंडाबाई ओसरीवर कवड्या खेळायला बसली. मी तिला म्हटलं, तू टाकत राहा. उताण्या किती पडल्या ते मी लिहीत गेले आणि ते आकडे रेघेच्या उंचीसारखे गाळायला घेतले. सरासरी, वजाबाकी, पुन्हा सरासरी. मग आलेख काढला. तीच लांब, शांत लाट कवड्यांतून वर आली होती.

साहेबांनी आलेख पाहिला. "कुठल्या दिवसाचा कागद?"

"कागद नाही, साहेब. कवड्या आहेत."

त्यांनी त्या स्वतः टाकून पाहिल्या. मी गाळत गेले. उन्हं कलेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही, आणि दर वेळी ती लाट आली. आमची गाळणीच ती लाट घडवत होती. तिच्यात काहीही ओता, तेच बाहेर यायचं. मला वाटलं, आता साहेब सुटले, भावाच्या मरणाचं ओझं उतरलं. मी तसं बोलूनही गेले. त्यांनी आलेखावरून बोट फिरवलं. "म्हणजे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मी बहिरा होतो तेच बरं होतं, बाई. ही जमीन तर मुकी निघाली." त्यांच्याकडे बघवेना. मी उठून दिवा लावला.

त्याच हिवाळ्यात ते बदली मागून गेले. पुन्हा भेट झाली नाही. त्यांची आठवण झाली की माझ्या डोळ्यांसमोर कवड्यांच्या दुसऱ्या दिवशीची वाडी येते. लोक गाठोडी बांधून उभे होते. साहेबांनी सरळ सांगितलं की माझी चूक झाली, घरीच राहा. धोंडाबाईचा म्हातारा सासरा काठी टेकत पुढे आला.

"मंग जिमीन हालनार न्हाई ना, सायेब?"

"ते मला माहीत नाही, बाबा."

"मंग कवा कळंल?"

"हलल्यावर."

म्हाताऱ्याने मान डोलावली. रागावला नाही. घरात गेला, दगडी भिंतीला लागून असलेला नातवाचा पाळणा त्याने सोडला आणि दाराशी आणून बांधला. मग स्वतःची वाकळही तिथेच पसरली. ते पाहून एकेका घरातली अंथरुणं दाराकडे सरकू लागली. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

साहेब त्या दारांकडे पाहत होते.

"बाई," ते म्हणाले, "एवढं तर मी भावाला सांगू शकलो असतो."