नव्या तांदळाची खिचडी

आजकाल खिचडीचं फार कौतुक ऐकते. सुनेच्या मैत्रिणी घरी आल्या की "आज साधी खिचडीच टाका, काकू" म्हणतात आणि मग साध्या खिचडीवर तूप, पापड, लोणचं, कढी असं सगळं मागून घेतात. खिचडी म्हणजे कसं मायेचं जेवण, असंही एकीनं मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. आमच्या भागात खिचडी म्हणजे ज्याला ताप आला त्याचं, नाहीतर जिला स्वयंपाकाचा कंटाळा आला तिचं जेवण. धड वरण नाही, धड भात नाही. आणि मायेचं म्हणाल, तर मी माझ्या हातच्या खिचडीपायी एका बाळंतिणीला दोन दिवस उपाशी ठेवलं आहे. तेव्हा माझ्यापुढे मायेच्या गोष्टी नकोत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तेविशीची, नर्स होते. नोकरी अहेरीच्या पुढे, आत जंगलात. आरोग्य केंद्र असं कागदावर नाव, प्रत्यक्षात कौलारू तीन खोल्या, चार खाटा आणि औषधाचं एक कपाट, ज्याची किल्ली हरवली तरी काही बिघडलं नसतं. डॉक्टर मंगळवारी येत, तेही रस्ता बरा असला तर. रस्ता बरा नाही हे त्यांना अहेरीत बसूनच कळायचं. बाकी कारभार आम्हा तिघांचा: मी, कंपाउंडर आणि एक दाई.

कंपाउंडर चंद्रपूरचा. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, आणि कामाचं नाव काढलं की पाठीत चमक. मी पहिल्या दिवशी चहा केला, त्याच्यापुढे कप ठेवला, तर म्हणाला, "आज उपास आहे, बाई." दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्याही. त्याच्या आठवड्यात नऊ वार असावेत आणि नऊही उपासाचे. मी गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. माझं आडनाव हजेरीपटावर वाचूनच त्याचं पोट भरलं होतं. तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती, म्हणून बिचाऱ्या देवांना मध्ये घालायचा. मला तो माणूस इतका क्षुद्र वाटे की रागही यायचा नाही. पण एक शिकले होते. नको म्हणायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत तेवढ्या मला पाठ होत्या. कोणी थाळी जरा मागे सारली, तरी मला त्यामागचं कारण लगेच कळे. निदान मला तसं वाटे.

दाई जवळच्याच गावची, गोंड. वयानं माझ्या आईएवढी. गोंडी आणि मराठी दोन्ही बोलायची, त्यामुळे खरं केंद्र तीच चालवायची. मी तिथं वर्षभर राहून गोंडीचे दहा शब्दही शिकले नव्हते. गरजच काय, दाई आहे ना, असा माझा तोरा. दिवाळीच्या सुमारास ती म्हणाली, "बाई, आमच्या गावचा पंडुम हाये. दोन दिवस मी येत नाई." मी अर्ज लिहून दिला, कारणाच्या जागी 'सण' असं खरडलं. पंडुम म्हणजे काय, ते विचारलं नाही. चालल्या असतील नाचायला, असं मनात म्हटलं आणि कपाट पुसायला लागले.

ती गेली त्याच दिवशी सकाळी चार माणसं एका बाईला बाजेवर घालून घेऊन आली. माडिया बाई, गोंडांतलीच, विशीची असेल. आदल्या दिवशी घरी बाळंत झाली होती, वार अडकली होती आणि रक्त थांबत नव्हतं. ते काम मी केलं आणि चांगलं केलं, हे सांगायला मला लाज नाही. दुपारपर्यंत रक्त थांबलं. मुलगी होती, लहानशी, पण आवाज खणखणीत. माणसं परत गेली. शेतात धान उभं होतं, रानडुकरं शिरत होती. नवरा तिसऱ्या दिवशी येतो असं खुणेनं सांगून गेला.

आता बाईच्या पोटात अन्न जायला हवं होतं. एवढं रक्त गेलेलं, अंगात ताकद नाही, दूध यायचं ते कुठून? रोग्यांसाठी सरकारी तांदळाचं एक पोतं कोपऱ्यात असायचं. वर्षभराचं जुनं, गोणपाटाचा वास, मूठभर तांदळात सोंडे. मला ते तिला घालावंसं वाटलं नाही. चारच दिवसांपूर्वी बाबा येऊन गेले होते. शेतातलं पहिलं हलकं धान कांडून आणलं होतं, पिशवीभर, वास येणारं. पहिलं पीक लेकीनं खावं म्हणून म्हातारा दोन एसट्या बदलून आला होता. त्यातले तांदूळ मी काढले. आपण किती उदार आहोत, असंही तेव्हा वाटलं, ते लपवत नाही.

नवे तांदूळ पाणी कमी पितात आणि लगेच चिकट होतात. म्हणून तुरीची डाळ आधी गंजात अर्धी शिजवून घेतली, मग तांदूळ टाकले. जवसाच्या तेलात लसूण लाल केला, हळद, मीठ, एक मिरची. स्टोव्ह मंद केला. खोलीभर असा वास सुटला की कंपाउंडर उपास विसरून दारात येऊन उभा राहिला. मी थाळी भरून बाईपुढे ठेवली.

तिनं थाळी उचलली, नाकाशी नेली, वास घेतला आणि खाली ठेवली. मग हातानं दूर सारली. कोपऱ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली.

माझ्या अंगाची आग झाली. तिकडे लांब नेऊन ठेव, असं ती म्हणते असं मी धरलं. तरी स्वतःला समजावलं, बाळंतीण आहे, अंग दुखत असेल. संध्याकाळी पुन्हा गरम करून, वर तूप घालून दिली. पुन्हा तेच. वास, मग थाळी दूर, मग ते बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी केली. पुन्हा तेच.

मी कंपाउंडरला बोलावलं. त्याला थोडीबहुत गोंडी येते, असं तो सांगायचा. तो खाटेजवळ उभा राहून दोन वाक्यं बोलला. ती बरंच बोलली, हात हलवून. हा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर असं समाधान की जणू त्याची बदली झाली.

"बाई, थे तुमच्या हातचं खात नाई म्हन्ते."

ज्या माणसाचा एक शब्द मी वर्षभरात खरा मानला नव्हता, त्याचा तेवढा एक मी जसाच्या तसा घेतला. कारण तो माझ्या मनात आधीच तयार होता. ती बाई माझ्या हातचं पाणी पीत होती. माझ्या हातचा चहा तिनं दोन वेळा घेतला होता आणि कप चाटूनपुसून परत दिला होता. कंपाउंडर वर्षभरात माझ्याकडे घोटभर पाणीसुद्धा प्यायला नव्हता. हा फरक शाळेतल्या पोरीलाही कळला असता. मला कळला नाही, कारण मला तो कळून घ्यायचा नव्हता.

मी तिच्यावर तुटून पडले. मराठीत, मोठ्यानं. "अंगावर धड लुगडं नाही, पायात वहाण नाही, राहता जंगलात, अन् जात पाहता? आम्ही सोडून आलो ते तुम्ही धरून बसल्या? मर उपाशी." हे शब्द माझे आहेत. मी घरात मोठ्यांकडून माणसाच्या मोलाच्या गोष्टी ऐकत वाढले होते, आणि जन्मभर जे आम्ही ऐकलं तेच मी तिला ऐकवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला एक शब्द कळला नसणार, पण आवाज कळला. तिनं बाळाला जरा जवळ ओढलं.

मी थाळी उचलली आणि दारातल्या कुत्र्यापुढे ओतली, तिला दिसेल अशी. आणि त्या दुपारपासून तिचा चहा बंद केला. माझी खिचडी चालत नाही, तर चहा कशाला चालावा? संध्याकाळी मुलगी रडायला लागली. छातीशी धरली तरी रडत होती, दूध नव्हतं. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते. येईल वठणीवर, भूक लागली की सगळ्यांची जात जाते, असं मी मनात म्हणत होते. कंपाउंडर क्षुद्र होता हे मी मघाशी सांगितलं. त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसायच्या लायकीची होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाई आली. खाटेवरच्या बाईचं तोंड पाहून दारातच थांबली.

"इनं काई खाल्लं नाई का जी?"

"माझ्या हातचं चालत नाही तिला," मी म्हटलं. "जातीची मोठी आहे ती."

दाईनं माझ्याकडे पाहिलं, मग गंजातल्या उरलेल्या खिचडीकडे. बोटावर दोन शितं घेऊन दाबली, वास घेतला.

"हे नवे तांदूळ होय ना जी?"

"हो. बाबांनी आणले. चांगले आहेत."

"मंग कशी खाईल थे? तिच्या गावचा पंडुम नाई झाला अजून."

मग तिनं मला ते सांगितलं, जे एक वर्षात मी विचारलं नव्हतं. नवं धान आलं की पहिलं गावच्या देवाला. पुजारी दिवस ठरवतो, सगळं गाव मिळून पूजा करतं. तो दिवस होईपर्यंत नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही, आजारी असो की बाळंतीण. एकानं खाल्लं तर सगळ्या गावावर येतं. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दाईच्या गावचा कालपरवा झाला, त्यासाठीच ती गेली होती. माझ्याच सहीनं.

ती खाटेजवळ बसून बाईशी बोलली. बाई हळू आवाजात सांगत होती आणि पुन्हा तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. कोपऱ्यात सरकारी पोतं होतं.

"म्हन्ते, दोन दिवसापासून त्या पोत्याकडं हात करून राह्यली. जुने देवा म्हणून. तुमी काऊन नाई टाकले जी जुने?"

मी उठले. पोत्यातून दोन मुठी तांदूळ काढले, सोंडे निवडले, चार पाण्यांनी धुतले. घाईत हळद जास्त पडली. लसूण करपला. जुन्या तांदळाची खिचडी फडफडीत आणि गोणपाटाच्या वासाची झाली. त्याहून वाईट खिचडी मी आयुष्यात केली नाही. मी थाळी ठेवली. तिनं वास घेतला आणि खायला लागली. अधाशासारखी नव्हे, सावकाश, बोटं चाटत, मुलीला मांडीवर घेऊन. पहिली थाळी संपली तेव्हा तिनं मान वर केली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. दाईला म्हटलं, "तिला सांगा, माझं चुकलं."

"कायचं चुकलं सांगू जी?" दाई म्हणाली. "तिले वाटते, एवढे चांगले तांदूळ वाया गेले म्हणून तुमी बोलल्या. बराबर बोलल्या, म्हन्ते."

खरी माफी मागायची, तर आधी तिला माझी जात सांगावी लागली असती. मग एका माणसाच्या हातचं दुसरा माणूस कसा खात नाही ते सांगावं लागलं असतं. मग हेही, की तिला मी त्यातलीच समजले. इतकं सगळं ऐकून ती गावी गेली असती. जी घाण तिनं माझ्यापुढे कधी आणली नव्हती, ती मीच तिच्या पदरात बांधून दिली असती, आणि तीही माझं मन हलकं व्हावं म्हणून.

"काय सांगू मंग?" दाईनं पुन्हा विचारलं.

"काही नको. अजून हवी का विचारा."

दाईनं विचारायच्या आतच तिनं थाळी माझ्यापुढे धरली.