ताकदीची गोळी

आमच्या भावकीत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या घरात कुणालाही औषध मिळालं की ते आधी मला दाखवतात. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे मी वाचून सांगायचं. गावाकडून फोन येतात त्यासाठी. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

बदली होऊन जुळे सोलापुरात फ्लॅटवर एकटी राहायला आले आणि माझी झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "संपल्या की मला भेटायचंच," म्हणाले. मी भेटले नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा. "मॅडम, चिठ्ठी लई जुनी झाली की," एवढं बोलायचा आणि द्यायचा.

असे आठ महिने गेले. मधे दोनदा माझ्याच मनानं एकदम बंद केल्या. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी ऑफिसात हात इतके कापायला लागले की सही जमेना. पुन्हा गोळी. घेतली तर सकाळी डोकं जड. स्कूटीवर बसलेली मी, सिग्नल कधी सुटला कळायचं नाही, मागचे हॉर्न वाजवायचे. न घ्यावी तर हात कापणार. डॉक्टरांकडं जावं, तर ते म्हणणार, शिकलेल्या ना तुम्ही? ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

आई गुडघे दाखवायला येणार म्हटल्यावर मी गोळ्या पट्टीतून काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "कसली गं ही?"

"ताकदीची."

"तुला काय करायची ताकद? दिसभर खुर्चीत तर बसतीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले. बेल वाजवली, वाजवली, शेवटी माझ्या किल्लीनं दार उघडलं. घरभर धूर. तव्यावर भाकरीचा कोळसा झालेला. आई भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर. गॅस बंद करून तिला हलवलं, तर डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. ओट्यावर बाटलीचं झाकण उघडं.

"आई, किती घेतल्यास?"

"दोन," जड जिभेनं ती म्हणाली. "गुडघं दोन हायती की."

रिक्षात घालून तिला त्याच डॉक्टरांकडं नेलं. "काय घेतलंय यांनी?" त्यांनी विचारलं. माझ्या हातात बाटली, तिच्यावर व्हिटॅमिन छापलेलं.

"झोपेच्या गोळ्या. माझ्या. आठ महिने घेतेय."

त्यांनी आईला संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवून घेतलं. शिकलेल्या ना तुम्ही, असं ते म्हणालेच नाहीत. शुद्धीवर आल्यावर सगळं ऐकून आईच म्हणाली, "तू सांगितलंस म्हून घेतली, बया. दुसऱ्या कुनाचं ऐकलं नसतं."

मग माझी पाळी. एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, दर दोन आठवड्यांनी येऊन दाखवायचं. तोवर स्कूटीला हात लावायचा नाही. गोळ्या पट्टीतच राहतील, आणि ती पट्टी तुमच्याजवळ राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"माज्याकडं द्या," आई म्हणाली. गावाला परत जायचं तिनं लांबवलं.

आता पट्टी तिच्या चंचीत असते, सुपारीशेजारी. जेवण झालं की मी तिच्यापुढं हात पसरते. पंधरा दिवस एक, आता अर्धी. अर्धीवर झोप येत नाही. काल मी उरलेली अर्धी मागितली. रागावले, रडले, ऑफिसचं कारण सांगितलं.

तिनं डॉक्टरांचा कागद माझ्यापुढं धरला. उलटा धरला होता. "मला कुटं वाचता येतंय? तूच सांग काय लिवलंय. खरं सांग."

मी कागद सरळ केला. "अर्धी," म्हणाले.

तिनं दोरी ओढून चंची बंद केली.