चेरी फुललेली असताना

जपानमधल्या एका खेड्यातल्या स्टेशनवर मी उतरले, तेव्हा फलाटाशेजारचं चेरीचं झाड फुलांनी नुसतं ओथंबलं होतं. वर डोंगरातल्या बौद्ध मठात दहा दिवसांचं मौन शिबिर होतं. मागच्या वर्षी तिसऱ्याच दिवशी मी तिथून रडत परतले होते.

स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "फुलं चार दिवसांचीच. थांबा की इथंच. परत याल तेव्हा एकही नसेल."

मन डळमळलं. पळवाट इतकी सुंदर असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

"नाही आजी, या वेळी दहाही दिवस पुरे करायचेत," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले आणि पिशवी पाठीवर चढवली.

आजी हसल्या. "मग पानं बघायला या. ती बघायला कुणीच येत नाही."