मशेरी कुठल्या चौकोनात लिहायची

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते एकदम दवाखान्यात. जे चुकलं असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. खरं तर कोणी वाचावं म्हणून हे लिहीतच नाही. मुलीच्या जुन्या वहीची पानं उरली होती, आणि माझा राग काही केल्या जात नव्हता. माफी मागायची ती अक्षराची. बाकी कशाची मागणार नाही.

मी बेळगावला, टिळकवाडीत दातांच्या एका दवाखान्यात कामाला आहे. मच्छेहून सकाळच्या बसने येते. डॉक्टरांची हत्यारं धुवायची, ब्रशने घासायची, पुसून कागदी पाकिटात बंद करायची आणि वाफेच्या मशिनात लावायची, हे माझं काम. पाकिटावर तारीख घालायची. लिहिण्याचं काम सुरुवातीला एवढंच होतं आणि मला तेवढंच पुरत होतं.

मग केसपेपर माझ्याकडे आला. रिसेप्शनवरची पोरगी धारवाडकडची आहे. तिचं कन्नड आणि इंग्रजी झकास, मराठी बेताचं. खेड्यातली मराठी बाई दारात दिसली की ती मला आत हाक मारायची, "आक्का, तुमचं पेशंट आलंय." माझं पेशंट! डॉक्टरही म्हणाले, "बाई, तुमच्या बोलीत तुम्हीच विचारा आणि खुणा करा, सोपं आहे." केसपेपर वर इंग्रजीत, खाली कन्नडात. मी चौकोन जागेवरून ओळखायला शिकले. पहिला साखरेचा, दुसरा बीपीचा, तिसरा कुठलं औषध सोसत नाही त्याचा, चौथा तंबाखूचा, पाचवा बिडी-सिगारेटचा, शेवटचा दारूचा. या कामाचा पगार वेगळा नव्हता. मीही विचारला नाही. मला लाज फार. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. लोक त्याला गरीब स्वभाव म्हणतात आणि हिला राग येत नसेल असं धरून चालतात.

एक दिवस एक मावशी आली. माझ्या माहेराकडची, निपाणी भागातली. सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेलेली, आता लेकाकडे बेळगावात राहायला आलेली. दाढ किडली होती, हिरड्या सुजल्या होत्या.

"मावशी, साखर हाय काय?"

"चहात घालती तेवढीच."

"बीपी?"

"ते डॉक्टरला इचार की. मला ठावं असतं तर हितं कशाला आले असते?"

"तंबाखू?"

"शी! गडीमाणसांनी खायाची ती. वखारीत डोंगराएवढी तंबाखू निवडली, पर एक चिमूट तोंडात घातली न्हाय कधी."

"बिडी?"

"तू वडतीस व्हय?" ती म्हणाली, आणि दुखऱ्या गालावर हात ठेवून हसली. मलाही हसू आलं. दारूचं मी विचारलंच नाही. सगळीकडे 'नाही'वर खूण केली.

डॉक्टरांनी तिचे दात साफ केले, दाढ काढली, कापूस चावायला दिला. दाढ काढल्यावर घरी न्यायचा एक छापील कागद असतो, तो कोणीतरी मराठीतही करून आणला होता. मी तो तिला वाचून दाखवला. जोरात चूळ भरू नये. धूम्रपान व तंबाखूसेवन टाळावे. जखम स्वच्छ ठेवावी. मावशीने प्रत्येक वाक्याला मान हलवली. तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं.

तीन दिवसांनी ती लेकाला घेऊन परत आली. तोंड एका बाजूने फुगलेलं, दोन रात्री झोप नाही. डॉक्टरांनी बघितलं. दाढेच्या खड्ड्यात रक्त धरून बसतं, त्यानेच जखम भरते. ते निघून गेलं होतं आणि हाड उघडं पडलं होतं. आत काळं काहीतरी भरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय लावलंत?"

"मशेरी," मावशी म्हणाली. "जखम सवच्छ ठेवा म्हणून सांगितलंसा न्हवं? म्हणून जरा जास्तच घासली तितं."

मी दारातच उभी होते.

"मशेरी म्हणजे तंबाखूच की!" डॉक्टर ओरडले. "तंबाखू नको म्हणून कागदावर लिहून दिलं होतं ना?"

लेक पुढे झाला. "मशेरी कवा तंबाखू झाली? दात घासायची वस्तू ती. माझी आज्जी लावायची, आई लावती. तुम्ही दाढ उपटताना काय तरी चुकवलंय आन् आता म्हातारीवर ढकलाय लागलाय. पैसे परत द्या, न्हायतर भाईर बसलेल्या समद्यांना सांगतो."

बाहेर सातआठ पेशंट होते. डॉक्टरांनी आवाज खाली केला. त्यांनी केसपेपर मागवला, चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथं नाही लिहिलंय. कोणी भरलं हे?"

रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, "आक्कांनी, सर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीसुद्धा. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध भरलं आणि लेकाला सगळे पैसे परत दिले. तो गेल्यावर मला आत बोलावून म्हणाले, "बाई, चूक तुमची आहे. हे पैसे तुमच्या पगारातून थोडे थोडे कापून घेतो. एकदम कापत नाही, तेवढं बघतो." असं म्हणाले, जणू माझ्यावर उपकार करत होते. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा राग मला अजून आहे.

चूक कोणाची? मी मशेरी लग्नाआधीपासून लावत होते. आमच्याकडे तंबाखू तव्यावर भाजायची, काळी झाली की चुरायची, डबीत भरायची. माझ्या हाताने कितीदा भाजली आहे, ठसक्याने डोळ्यांतून पाणी काढलं आहे. पण तवा उतरला की तिची तंबाखू राहत नाही. ती दात घासायची वस्तू होते. तंबाखू खाणारा माणूस वेगळा आणि मशेरी लावणारी बाई वेगळी. दवाखान्यात लागल्यावर मी ती सोडली, तीही वास येतो असं ऐकून घ्यावं लागलं म्हणून. तरीसुद्धा मावशीला विचारताना मला मशेरी आठवली नाही. तिलाही नाही. तिच्या लेकालाही नाही. आणि डॉक्टरांना आठवली होती काय? तिचे काळे दात त्यांनी स्वतःच्या हाताने घासून साफ केले होते. ते काळं कशाचं आहे हे त्यांनी विचारलं होतं काय? त्यांच्या पगारातून कोणी कापलं?

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. नोकरी टिकली न्हवं?" त्या रात्री मी भाकरी इतक्या जोरात थापल्या की सासूबाई म्हणाल्या, "परात फुटंल की." फुटू दे, असं मनात म्हटलं. तोंडाने नाही.

मावशी जखम धुवून घ्यायला आणखी दोनतीनदा आली. तिच्यावरही माझा राग होता, तो काही मी लपवला नाही. खुर्चीवर बसवताना तिचा हात जरा जोरातच धरला.

"माझ्यापायी तुझा पगार कापला म्हणं?" ती म्हणाली. "ती कन्नड पोरगी बोलली. मला काय ठावं गं."

"मशेरी सोडा आता."

"तू सोडलीस?"

"सोडली."

"चहाला चव लागली काय गं?"

"महिनाभर मातीवानी लागला."

"बघ," ती म्हणाली. "आन् मला म्हणतीस सोड." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू मला सकाळी दात कशानं घासता असं इचारलं असतंस, तर मी झटक्यात मशेरी म्हटलं असतं. तू तंबाखूचं इचारलंस."

त्या वाक्याने माझा राग आणखी वाढला, कारण ते खरं होतं. पण त्याच दुपारी मी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसले. वर प्रश्न लिहिले. सकाळी दात कशाने घासता? बोटाने की ब्रशने? मशेरी लावता की राखुंडी? दिवसात किती वेळा? दुपारी काम करताना तोंडात धरून बसता काय? तपकीर ओढता की दाताला लावता? आणि खाली, दाढ काढल्यावर घरी जाऊन काय करायचं ते. तिथे 'सेवन टाळावे' लिहिलं नाही. लिहिलं, जखम बरी होईतोवर त्या बाजूला बोट घालायचं नाही. मशेरीची डबी सुनेकडे द्यायची. जखम स्वच्छ ठेवायची म्हणजे घासायची नाही, मिठाच्या कोमट पाण्याने तोंड भरायचं आणि पाणी आपसूक पडू द्यायचं, थुंकायचं नाही. पाण्याचं डॉक्टर सांगायचे तेच, फक्त बायकांना कळेल असं. एकेका ओळीला वेळ लागला. अक्षर वाकडंतिकडं आलं. पण वाचता येत होतं.

पुढे मी तेच प्रश्न विचारायला लागले. बायका हसत हसत सगळं सांगायच्या. एक म्हणाली, "दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, आन् सासू बोलली की आणखी एकदा." मी चौथ्या चौकोनात खूण करायची आणि बाजूला मराठीत लिहायची, मशेरी, तीन वेळा. डॉक्टरांना ते आवडलं. "बाई, हे बरं करताय," म्हणाले. आणि महिन्याच्या शेवटी पगार कापूनच आला. पुढच्या महिन्यातही. त्याच्या पुढच्याही. कापणं पूर्ण झालं तेव्हा कोणी काही बोललं नाही.

मग निपाणीकडच्या एका गावात बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी दातांचं शिबिर ठरलं. डॉक्टर सकाळी सकाळी खुशीत आले. म्हणाले, "बाई, तुमचा तो प्रश्नांचा कागद द्या. टाईप करून छापून घेऊ. शिबिरात वाटू. तुम्हीही चला, वाचून दाखवायला."

माझ्या हातात धुतलेली हत्यारं होती. मी ती ट्रेमध्ये ठेवली.

"देते, सर. आधी माझे पैसे द्या."

"कसले पैसे?"

ते खरंच विसरले होते. नाटक नव्हतं. मला वाटलं होतं की ते नाही म्हणतील, रागावतील, काढून टाकीन म्हणतील. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. कसले पैसे, याची नाही. इतके महिने मी रोज रात्री ज्यावर जळत होते, ते त्यांच्या डोक्यात एक दिवसही राहिलं नव्हतं.

"मशेरीचे," मी म्हटलं. "मावशीच्या दाढेचे. माझ्या पगारातून कापलेले."

रिसेप्शनवरची पोरगी लगेच म्हणाली, "हां सर, कापलेत, सगळे." तिने तेवढं केलं. त्याआधी आणि नंतर ती माझ्यासाठी कधी काही बोलली नाही, पण तेवढं केलं.

डॉक्टर हसले. "अहो, एवढंच ना? अर्धे आत्ता घ्या, बाकीचे शिबिर झाल्यावर बघू." खिशातून पाकीट काढून त्यांनी अर्धे पैसे टेबलावर ठेवले.

मी पैसे उचलले. मग पर्समधून कॅलेंडरचं पान काढलं, मधोमध घडी घातली आणि फाडलं. वरचा प्रश्नांचा भाग त्यांच्यापुढे ठेवला. खालचा पर्समध्ये परत गेला.

"हे काय, बाई?"

"अर्धा कागद, सर."

पोरीने तोंडावर हात धरला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नीट बघितलं असेल तर त्याच दिवशी.

"तोंडाने सांगा की," ते म्हणाले. "पाठ असेल तुम्हाला."

"पेशंटला सांगीन, सर. रोज सांगते. छापायला नाही."

हे खोटं नव्हतं. बायकांना मी कधी अडवलं नाही, त्या आठवड्यातही खुर्चीवरून उठणाऱ्या प्रत्येकीला मिठाच्या पाण्याचं आणि डबीचं सांगितलंच. अडवलं होतं ते डॉक्टरांना. छापखानेवाल्याचा फोन दोनदा आला. अर्धाच मजकूर आलाय, खालचं कधी देताय, असं विचारत होता. डॉक्टर पोरीवर ओरडले. माझ्यावर ओरडले नाहीत. मी हत्यारं धुत होते, पाकिटांवर तारखा घालत होते, नेहमीसारखीच.

शिबिराच्या दोन दिवस आधी दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. टेबलावर बाकीचे पैसे होते. "घ्या," म्हणाले, "तुम्ही पक्क्या निघालात." चूक माझी नव्हती, असं काही म्हणाले नाहीत. मी वाट बघितली. पंखा फिरत होता, त्यांनी मोबाईल उचलला, आणि मला कळलं की ते शब्द येणार नाहीत. ते मागून मिळायचे असते तर मी तेही मागितले असते.

मी पैसे त्यांच्यासमोर मोजले. आजवर पगार कधी कोणासमोर मोजला नव्हता, बाहेर जाऊन जिन्यात मोजायची. एकेक नोट टेबलावर ठेवत मोजले. आधीचे अर्धे आणि हे अर्धे, सगळे आले होते.

मग खालचा अर्धा कागद त्यांच्या हातात दिला.