सोमनाथअण्णांनी रुंद केलेली मडगार्डं

नाशकात भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत सोमनाथअण्णांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर खालच्या खोलीत ऐरण, हातोड्या आणि तांब्याचे हंडे, आणि वर संसार. पन्नास वर्षं अण्णा तिथे बसून तांबं ठोकत आले. रोज असा ठोका कानाशी पडला की कान जातातच. तांबटांचे जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण अण्णांना हे सांगणार कोण? ते म्हणायचे, कान ठणठणीत आहेत, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहेत.

त्यांची दुसरी तक्रार बायकोबद्दल, म्हणजे ललिताबाईंबद्दल. काम ऐन रंगात आलं की ही बाई जिन्यावरून खाली येणार. कधी चहा, कधी दळण, कधी "अहो, सिलिंडरचा नंबर लावला का?" अण्णा करवादत उठायचे, आणि परत येऊन बघावं तर हंडा जागचा फिरलेला. "केर काढताना हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!" ललिताबाई झाडू घेऊन वर निघून जायच्या. नवऱ्याला उलट न ऐकवणं त्यांच्याइतकं कोणाला जमत नसेल.

गेल्या हिवाळ्यात सातपूरचा रिझवान दुकानात आला. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा नाशकात कोणी नाही, आणि त्याच्या अम्मीचा बिर्याणीचा हंडा अण्णांच्या हातचा.

"अण्णा, एक काम आहे. भांड्याचं नाही, गाडीचं," तो ओरडून म्हणाला. अण्णांशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक होतं.

गाडी होती शेखर नावाच्या एका कारखानदाराची. साठ वर्षांपूर्वीची विलायती, दोनच माणसांची, इतकी बुटकी की बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. शेखरला ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची होती. वळणावर पकड मिळावी म्हणून त्याने हौसेने रुंद टायर आणले आणि ते मागच्या मडगार्डांखाली मावेनात, बोटभर बाहेर आले. मडगार्ड कापायला शेखरचा जीव धजेना. ठोकून फुगवावं तर पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. रिझवानच्या डेंटरांचा हात लोखंडावर बसलेला, त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

"फाटला तर दुसरा मिळत नाही, अण्णा. सगळ्या हिंदुस्तानात नाही."

"फाटतो कशाला? हंडा काय न् मडगार्ड काय, पोट काढायचं ना?" अण्णा म्हणाले. आतून त्यांना फार बरं वाटलं होतं. हंडे घेणारी गिऱ्हाइकं कमी झाल्यापासून इतक्या मानाने कोणी बोलवायला आलं नव्हतं.

मडगार्डं गाडीला एकजीव होती, सुटी निघत नव्हती. म्हणून अण्णाच हातोड्यांची पिशवी घेऊन सातपूरला रिझवानच्या गॅरेजमध्ये गेले. पत्रा मऊ पडावा म्हणून त्यांनी त्याला कपड्याचा साबण चोपडला आणि वरून गॅसची ज्योत फिरवली. साबण काळा पडला की थांबायचं. अ‍ॅल्युमिनियम तापलेलं डोळ्यांना कळत नाही, साबणाला कळतं. रिझवान बघतच राहिला. मग अण्णांनी आतून लाकडी हातोडीने ठोकायला सुरुवात केली. सकाळभर कोणी चहा आणला नाही, कोणी दळणाचं विचारलं नाही. अण्णा मजेत होते.

दुपारी रिझवानने बॅटरी मारून बघितलं. कडेपाशी नखभर चीर होती.

"वेल्डिंगने मिटेल. पण अजून एखादी पडली तर..." म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं?

अण्णा स्टुलावर बसून राहिले. कान गेले त्या वर्षी त्यांच्या हातून तीन हंडे फाटले होते. त्यानंतरच्या बारा वर्षांत एकही नाही. हात सुधारला, असं ते आजवर समजत होते. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला कोणी उठवलंच नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. "फाटलं," ते म्हणाले.

"आधी आवाज बदलला असेल ना," ललिताबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. नवऱ्याने ओठांवरून ते बरोबर वाचलं.

"तू वरून ऐकतेस?"

"चाळीस वर्षं तुमच्या ठोक्यावर स्वयंपाक करतेय. पातळ झालं की पत्रा फाटका बोलतो. भाकरी थापताना कळतं मला, की खाली येऊन तुम्हाला उठवते, हंडा फिरवून ठेवते," त्या जवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हातोडी खाली ठेवली असती."

अण्णांना राग यायला हवा होता, पण आला नाही. डोळे तेवढे भरून आले. "उद्या सातपूरला चल. डबा घेऊन आलीस म्हणून सांग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ललिताबाई गॅरेजमध्ये खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसल्या. परक्या जागी निमित्तं तरी किती काढणार? चहा झाला, पाणी झालं, गोळी झाली. मग "अहो, घरचा नळ बंद केला ना?" हे एका सकाळी चारदा झालं. रिझवानला वाटलं, काकी जरा विसरभोळ्या झाल्या. पण अण्णा दर वेळी निमूट उठत, आणि परतले की दुसरीकडे ठोकायला लागत. आठ दिवसांत दोन्ही मडगार्डं बोटभर फुगली. पुन्हा चीर पडली नाही.

नवव्या दिवशी टायर चढले. शेखर आला, रिझवानच्या शेजारी बसला, आणि गाडीने गॅरेजसमोरच्या मैदानात कचकचीत वळणं घेतली. भार पडल्यावर टायर मडगार्डाला घासतो की काय, हे इंजिनाच्या गोंगाटात आत बसलेल्यांना कळत नव्हतं. गाडी थांबली. शेखर उतरला तो सरळ अण्णांकडे आला.

"काय अण्णा, घासल्याचा आवाज आला का?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. डेंटरसुद्धा. मागून ललिताबाई घाईघाईने पुढे झाल्या. "अहो, तुमची गोळी..."

अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हे न कळून ते जवळजवळ ओरडलेच. "बारा वर्षं झाली. पत्रा मी ठोकला, पण ऐकला हिने. काय विचारायचं ते हिला विचारा."

रिझवानने मान खाली घातली. शेखर ललिताबाईंकडे वळला, "काकी, आला का आवाज?"

ललिताबाईंनी पदराने नाक पुसलं.

"गाडी पुन्हा फिरवा," त्या म्हणाल्या. "माझं लक्षच नव्हतं. हे काय उत्तर देतील या काळजीत मी गाडी ऐकलीच नाही."

गाडी पुन्हा फिरली. ललिताबाई या वेळी वळणाच्या अगदी कडेला जाऊन, डोळे मिटून उभ्या होत्या, आणि अण्णा मडगार्ड सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या वळणानंतर ललिताबाईंनी डोळे उघडले आणि अण्णांना दिसेल अशी मान हलवली. कुठेच घासत नव्हतं.